गाठीला आधी हात लावा, मशीन नंतर

मानेवर, गालावर, कपाळावर किंवा डोक्यात गाठ आली म्हणून रुग्ण येतो आणि खुर्चीत बसायच्या आधी टेबलावर फाइल ठेवतो. फाइलमध्ये सोनोग्राफी असते, तिच्यामागे एमआरआय असतो, कधी सीटी स्कॅनही असतो. मी विचारतो, "ही गाठ आतापर्यंत कोणी हाताने तपासली का?" बऱ्याचदा उत्तर येतं, "नाही हो डॉक्टर, लांबूनच बघितली. म्हणाले, आधी स्कॅन करून या, मग बघू."

आजच्या लेखात मला या एका वाक्याशी भांडायचं आहे. "आधी स्कॅन करून या, मग बघू." डोकं आणि मान या भागातल्या बहुतेक साध्या गाठींच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. आधी बघायचं असतं, हात लावायचा असतं, विचारायचं असतं. त्यानंतर एखादा प्रश्न शिल्लक राहिला, तर त्या प्रश्नासाठी योग्य तो स्कॅन करायचा असतो. प्रश्नच ठरला नसेल तर स्कॅन उत्तर तरी कशाचं देणार?

मी मशीनच्या विरोधात आहे असा गैरसमज कृपया करून घेऊ नका. काही गाठींना एमआरआय न करता सुई किंवा चाकू लावणं हा गुन्हाच आहे, आणि त्याबद्दलही खाली लिहिलं आहे. माझा राग आहे तो विचाराच्या जागी मशीन बसवण्यावर.

तुमच्याकडे असा एखादा रिपोर्ट असेल तर तो काढा आणि शेवटची ओळ वाचा. बहुधा तिथे लिहिलेलं असेल, "प्लीज कोरिलेट क्लिनिकली." याचा साध्या मराठीत अर्थ असा, की "मी चित्र पाहिलं आहे, रुग्ण पाहिलेला नाही. तुम्ही रुग्ण तपासा आणि हे चित्र त्याच्याशी जुळवून बघा." रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे स्वतःची मर्यादा सांगतो. पण ज्याने जुळवून बघायचं त्यानेच गाठीला हात लावला नसेल, तर जुळवणार कोण आणि कशाशी?

हाताला काय कळतं?

पाच मिनिटांच्या तपासणीत काय काय कळू शकतं ते पाहा.

चरबीची गाठ (लायपोमा). मऊ असते, तिच्यावरची कातडी मोकळी सरकते, आणि कडेला बोट दाबलं की गाठ बोटाखालून निसटते. मानगुटीवर आणि खांद्याजवळ अगदी नेहमीची. वर्षानुवर्षं तेवढीच असते किंवा अगदी सावकाश वाढते. अशी लहान, कातडीखालची, न दुखणारी गाठ ओळखायला सहसा कोणत्याच स्कॅनची गरज नसते. शंका असेल तर साधी सोनोग्राफी पुरते. कपाळावरची चरबीची गाठ मात्र थोडी फसवते. ती अनेकदा कपाळाच्या स्नायूखाली असते, त्यामुळे हाताला घट्ट, जवळजवळ हाडासारखी लागते. तिथे सोनोग्राफी करण्यात अर्थ आहे, कारण इथे एक नेमका प्रश्न आहे: गाठ कातडीखाली आहे, स्नायूखाली आहे की हाडाची आहे?

आवाळू. याला लोक आणि डॉक्टरही "सेबेशियस सिस्ट" म्हणतात. नाव चुकीचं आहे, कारण आत तेल नसतं, कातडीचाच केराटिन नावाचा पांढरट लगदा असतो. ही गाठ कातडीला चिकटलेली असते, आणि चेहऱ्यावरच्या किंवा मानेवरच्या गाठीवर नीट पाहिलं तर बऱ्याचदा मधोमध एक बारीक काळा ठिपका दिसतो. डोक्यात केसांमध्ये अशा गोल, गुळगुळीत गाठी एकाहून जास्तही असतात. डोळ्यांना दिसतंय, हाताला कळतंय, मग एमआरआय कशासाठी?

अवधाण. किडलेला दात, सुजलेले टॉन्सिल, डोक्यातल्या उवा किंवा जखम यांमुळे मानेतली लसिका ग्रंथी सुजते. दाबलं की दुखते आणि मूळ कारण बरं झालं की काही आठवड्यांत बसते. इथे खरी तपासणी गाठीची नसून तोंडाची, घशाची आणि डोक्याची आहे.

गळ्याच्या मध्यरेषेतली गाठ. रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगा. गाठ वर सरकली तर ती थायरोग्लोसल सिस्ट असण्याची शक्यता मोठी. गिळताना वर जात असेल तर थायरॉइड ग्रंथीशी संबंध. ही तपासणी फुकट आहे, तिला दहा सेकंद लागतात आणि ती कोणत्याही स्कॅनमध्ये होत नाही.

जेवताना फुगणारी गाठ. जबड्याखालची गाठ जेवायला बसलं की फुगते आणि तासाभरात ओसरते, एवढं रुग्णाने सांगितलं की लाळेच्या नळीतल्या खड्याचा संशय घ्यायचा. तोंडात एक बोट घालून आणि बाहेरून दुसऱ्या हाताने आधार देऊन अनेकदा तो खडा हाताला लागतो.

धडधडणारी गाठ. जबड्याच्या कोनाखाली असलेली, हाताखाली ठोके देणारी, आडवी हलणारी पण वरखाली न हलणारी गाठ. ही मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या दुभाजकावर बसलेली कॅरोटिड बॉडी ट्यूमर असू शकते. ती बहुधा साधीच असते, पण तिच्यात सुई खुपसण्याची घाई महागात पडते. इथे स्कॅन आधी, आणि तोही रक्तवाहिन्या दाखवणारा. पण हे सुचवलं कोणी? हातानेच.

म्हणजे हाताची तपासणी ही स्कॅन टाळण्याची युक्ती नव्हे. कोणता स्कॅन, कोणत्या प्रश्नासाठी आणि किती लवकर, हे तीच ठरवते.

प्रत्येक मशीनचं काम वेगळं

"मोठा स्कॅन म्हणजे चांगला स्कॅन" ही समजूत फार पसरली आहे. सोनोग्राफी गरिबांची आणि एमआरआय श्रीमंतांचा, असं काही नसतं.

सोनोग्राफी मानेच्या गाठींसाठी पहिली आणि बऱ्याचदा शेवटची तपासणी. यात किरणं नाहीत, इंजेक्शन नाही, लहान मूल आईच्या मांडीवर बसूनही करून घेऊ शकतं. गाठ पाण्याची की भरीव, ती कातडीच्या कोणत्या थरात आहे, तिच्यात रक्तप्रवाह किती, ग्रंथीचा नेहमीचा आकार टिकला आहे की बिघडला आहे, हे सगळं कळतं. सुईची तपासणी करायची तर सुई नेमकी कुठे जाते आहे हेही याच मशीनवर दिसतं. मर्यादा दोन. करणाऱ्याच्या अनुभवावर बरंच अवलंबून असतं, आणि हाडामागचं किंवा घशाच्या खोल भागातलं दिसत नाही.

सीटी स्कॅन हाडं, पू, आणि शिरेतून औषध देऊन केला तर मानेतल्या ग्रंथी चांगल्या दाखवतो. पण तो एक्स-रे किरणांवर चालतो. मानेच्या एका सीटीत साधारण ३ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून माणसाला वर्षभरात नैसर्गिकरीत्या जेवढा मिळतो, साधारण तेवढाच. गरज असेल तर ही किंमत अगदी मामुली आहे. गरज नसेल तर, विशेषतः लहान मुलांत, ती का मोजायची?

एमआरआय मध्ये किरणं नाहीत. चरबी, स्नायू, नसा, लाळग्रंथीचा खोल भाग आणि कवटीचा तळ यांसाठी तो अप्रतिम आहे. पण अर्धा-पाऊण तास आवाजात, न हलता पडून राहावं लागतं. लहान मुलांना त्यासाठी बऱ्याचदा गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि ते देणं ही स्वतंत्र जोखीम आहे. भुवईच्या टोकाची जन्मजात, वाटाण्याएवढी, हलणारी गाठ असलेल्या बाळाला सरसकट गुंगी देऊन एमआरआयच्या बोगद्यात पाठवण्याआधी शल्यविशारदाने ती एकदा हाताने पाहावी, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

पेट स्कॅन साध्या गाठीसाठी मागणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. पेट स्कॅनमध्ये कर्करोग "पेटतो" हे खरं, पण वॉर्थिन ट्यूमर नावाची लाळग्रंथीची साधी गाठही पेटते आणि क्षयरोगाच्या गाठीही पेटतात. आपल्या देशात क्षयरोग किती आहे हे लक्षात घेतलं तर हा स्कॅन धीर कमी आणि घाबरवणं जास्त करेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चरबीच्या साध्या गाठीसारखे काही अपवाद सोडले, तर भरीव गाठ साधी की कर्करोगाची हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी पेशी पाहाव्या लागतात. बारीक सुईने पेशी काढून तपासण्याला एफएनएसी म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त असते आणि काही मिनिटांत होते. तरीही लोक दोन-दोन स्कॅन करतात आणि सुईला नकार देतात, कारण "सुई लावली की गाठ चिघळते, कॅन्सर पसरतो" ही भीती. मानेच्या गाठींमध्ये बारीक सुईने कर्करोग पसरण्याची शक्यता अगदी नगण्य आहे. तपासणी न करता महिने घालवले तर मात्र तो नक्की पसरतो.

"करून टाकला तर बिघडतं काय?"

हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. "डॉक्टर, पैसे आमचे जाणार आहेत, करून टाकूया ना. मन शांत होईल."

मन शांत होत नाही, हा अडचणीचा भाग आहे. माणसाच्या मानेत सुमारे ३०० लसिका ग्रंथी असतात. आजच्या चांगल्या मशीनवर त्यांतल्या काही दिसणारच. रिपोर्टात लिहिलं जातं, "मल्टिपल सबसेंटिमेट्रिक सर्व्हायकल लिम्फ नोड्स." म्हणजे मानेत एक सेंटीमीटरपेक्षा लहान अनेक ग्रंथी आहेत. जवळपास प्रत्येक माणसात असतात. पण घरी जाऊन मुलगा मोबाइलवर शोधतो, आणि रात्री अकराला नातेवाइकांचा फोन, "डॉक्टर, मानेत अनेक गाठी निघाल्या म्हणे!" मानगुटीवरच्या चरबीच्या गाठीसाठी गेलेल्या माणसाला सायनसमधला साधा फोड, मणक्यातली वयोमानाची झीज आणि थायरॉइडमधला ठिपका असं सगळं बरोबर मिळतं. प्रत्येकासाठी पुढची तपासणी सुचवलेली असते.

यातला थायरॉइडचा ठिपका सर्वात त्रासदायक. काही तक्रार नसलेल्या प्रौढांची गळ्याची सोनोग्राफी केली, तर वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरातल्या १९ पासून ६८ जणांच्या थायरॉइडमध्ये गाठ सापडलेली आहे. त्यांतल्या बहुसंख्य गाठी आयुष्यभर काहीही करत नाहीत.

शोधत सुटलं तर काय होतं, याचा धडा दक्षिण कोरियाने सगळ्या जगाला दिला आहे. १९९९ साली तिथे कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची तपासणी त्यात नव्हती, पण अनेक दवाखान्यांनी थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी त्याला जोडून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या "फुल बॉडी चेकअप पॅकेज"सारखंच. परिणाम असा झाला, की २०११ साली तिथे थायरॉइड कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या एका वर्षात ४०,००० हून जास्त लोकांना हा कर्करोग असल्याचं सांगण्यात आलं. आणि थायरॉइड कर्करोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण? ते जवळपास जिथे होतं तिथेच राहिलं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. रोग वाढला नव्हता, शोध वाढला होता. ज्या बारीक गाठींनी त्या लोकांना कधीच त्रास दिला नसता, त्या शोधून काढून निदान झालेल्या जवळजवळ सगळ्यांवर उपचार झाले, बहुतेकांवर शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया झालेल्यांत साधारण ११ टक्के लोकांच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम बिघडलं, म्हणजे कॅल्शियमचा त्रास. २ टक्क्यांच्या स्वरतंतूंवर परिणाम झाला, म्हणजे आवाज गेला किंवा बसला. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांना थायरॉइडची गोळी जन्माची लागली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन लोकांना जाहीर आवाहन केलं, की तक्रार नसताना ही सोनोग्राफी करू नका. त्यानंतर शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने घटली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलानेही २०१७ साली हाच सल्ला दिला: लक्षणं नसलेल्या प्रौढांत थायरॉइड कर्करोगासाठी तपासणी करू नये.

"करून टाकला तर बिघडतं काय?" याचं उत्तर हे आहे. कधी पैसे, कधी झोप, कधी आवाज.

मग हे थांबत का नाही?

पहिलं कारण वेळ. गर्दीच्या ओपीडीत गाठ नीट तपासायला आणि समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. स्कॅनची चिठ्ठी अर्ध्या मिनिटात लिहून होते.

दुसरं कारण भीती. डॉक्टरला वाटतं, उद्या काही निघालं तर "तुम्ही स्कॅन का नाही केला?" असं विचारतील. पण चांगली लिहिलेली तपासणी, म्हणजे गाठ किती सेंटीमीटर, कुठे, कशी लागते, पुन्हा कधी दाखवायची, ही कागदावरची चार वाक्यं रुग्णालाही वाचवतात आणि डॉक्टरलाही. नोंद नसलेला एमआरआय कोणालाच वाचवत नाही.

तिसरं कारण पैसा. ज्याला आपण "कट" म्हणतो. रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात डॉक्टरने कमिशन घेणं किंवा देणं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्टपणे निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. नियम असूनही ही कीड आहे, हे माझ्या व्यवसायातला प्रत्येक जण जाणतो. सगळे डॉक्टर असे नाहीत, बहुसंख्य नाहीत. पण विनाकारण लिहिलेल्या प्रत्येक स्कॅनमुळे रुग्णाच्या मनात हाच संशय येतो, आणि त्याची झळ सरळ वागणाऱ्यालाही लागते.

चौथं कारण तुम्ही. हो, रुग्ण. मी गाठ तपासून, "ही चरबीची गाठ आहे, काही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा" असं सांगितलं की काही जणांचा चेहरा पडतो. "फक्त हात लावून कसं कळलं?" असं म्हणून ते दुसरीकडे जातात आणि एमआरआय करून आल्यावर त्यांना समाधान वाटतं. मशीनने सांगितलं ते विज्ञान आणि हाताने सांगितलं तो अंदाज, ही समजूत आपण सोडायला हवी.

जिथे स्कॅनशिवाय पुढे जाऊच नये

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच ठामपणे. खालील ठिकाणी "साधी गाठ आहे, काढून टाकू" असं कोणी म्हणालं तर थांबा.

• लहान मुलाच्या नाकावर मध्यरेषेत गाठ, खड्डा किंवा त्यातून बाहेर आलेला केस. हिचा धागा आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला असू शकतो. रडताना गाठ फुगत असेल तर आत मेंदूचा भागही असू शकतो. आधी एमआरआय, गरजेनुसार सीटी. त्याआधी सुईही नको आणि चाकूही नको.

• थायरोग्लोसल सिस्ट. शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी हवीच, कारण नेहमीच्या जागी थायरॉइड ग्रंथी आहे ना, हे पाहायचं असतं. क्वचित त्या मुलाची सगळी थायरॉइड त्या गाठीतच असते. नुसती गाठ काढली तर ती परत येते, म्हणून कंठास्थीचा मधला भागही काढतात. सिस्ट्रंक यांनी १९२० साली मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण आहे.

• चाळिशीनंतर मानेच्या बाजूला आलेली पाण्याची गाठ. तरुणात ती जन्मजात सिस्ट असू शकते. चाळिशी उलटल्यावर मात्र घशातल्या किंवा थायरॉइडच्या कर्करोगाची गाठही अशीच पाण्याने भरलेली असू शकते. सोनोग्राफीत "सिस्ट" लिहून आलं म्हणून घरी बसू नका.

• ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोल स्नायूत असलेली, वाढत जाणारी, दुखणारी किंवा काढल्यावर परत आलेली गाठ. आधी एमआरआय आणि मग ठरवून बायोप्सी.

• कानाच्या पाळीखालची किंवा पुढची भरीव गाठ. ही बहुधा पॅरोटिड लाळग्रंथीची असते. चेहऱ्याची नस याच ग्रंथीतून जाते. आधी सोनोग्राफी आणि सुई. गाठ खोल वाटत असेल किंवा चेहरा वाकडा होत असेल तर एमआरआय.

• बाळाच्या चेहऱ्यावरचा लाल, पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढणारा डाग किंवा गाठ (हेमँजिओमा). बहुतेक वेळा नुसतं पाहून निदान होतं, आणि पुढच्या काही वर्षांत तो आपोआप ओसरतो. पण तो डोळ्याजवळ, हनुवटी-जबड्याच्या भागात किंवा चेहऱ्याचा मोठा भाग व्यापणारा असेल तर तातडीने बालरोगतज्ज्ञांकडे जा, तिथे पुढच्या स्कॅनची गरज असू शकते. त्यावर प्रोप्रॅनोलॉल हे औषध चांगलं लागू पडतं, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००८ साली जगापुढे आणलं.

महाराष्ट्रात मला आणखी दोन गोष्टी खास सांगाव्या लागतात.

एक, तंबाखू. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण गालात तंबाखूचा बार भरलेले रुग्ण आजही रोज दिसतात. तंबाखू, मावा, सुपारी खाणाऱ्या माणसाच्या मानेत घट्ट, न दुखणारी गाठ आली, तर पहिलं तोंड उघडून पाहा. गाल, जिभेची कड, जिभेखालची जागा. तोंडातला न भरणारा व्रण आणि मानेतली गाठ ही एकाच रोगाची दोन टोकं असू शकतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की प्रौढ माणसाच्या मानेतली गाठ दोन आठवड्यांहून जास्त टिकली, दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी असली, घट्ट असली किंवा हलत नसली, तर ती धोक्याची समजून औषध टोचून केलेला सीटी किंवा एमआरआय आणि सुईची तपासणी करावी. जंतुसंसर्गाची लक्षणं नसताना अँटिबायोटिकच्या कोर्सवर कोर्स देत बसू नये. म्हणजे इथे स्कॅन हवाच आहे. ज्या माणसाला तो पहिल्या आठवड्यात मिळायला हवा तो गोळ्या खात तीन महिने फिरतो, आणि चरबीच्या गाठीवाल्याचा एमआरआय दुसऱ्या दिवशी होतो. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

दोन, गंडमाळा. मानेतल्या ग्रंथींचा क्षयरोग. सोनोग्राफीत "मॅटेड नोड्स, लाइकली कॉक्स" असं लिहून आलं, की काही जण लगेच सहा महिन्यांची औषधं सुरू करतात. चित्र क्षयासारखं दिसलं तरी ते लिम्फोमा असू शकतं, कर्करोग असू शकतो. आधी सुईने नमुना घ्या, पेशी तपासा आणि तोच नमुना सीबीनॅट तपासणीला पाठवा. सीबीनॅटमुळे जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का, दोन्ही कळतं. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. चित्रावरून सहा महिन्यांचं औषध देणं म्हणजे पत्ता न वाचता पाकीट पोस्टात टाकणं.

चिठ्ठी हातात आली की विचारायचे पाच प्रश्न

१. डॉक्टर, तपासून तुम्हाला ही गाठ कशाची वाटते?

२. या स्कॅनमधून आपल्याला नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे?

३. उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार असेल, तर स्कॅनची गरज आहे का?

४. आधी सोनोग्राफी किंवा सुईची तपासणी करून भागेल का?

५. काहीच केलं नाही तर पुन्हा कधी दाखवायचं, आणि कोणत्या बदलावर लगेच यायचं?

हे प्रश्न उर्मटपणाचे नाहीत. चांगला डॉक्टर यांची उत्तरं आनंदाने देतो, आणि त्याच्याकडे कारण असेल तर ते दोन वाक्यांत सांगता येतं. तुम्हीही घरून येताना एवढं करून या: गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली ते आठवून ठेवा, मोजपट्टीने मोजून तारीख लिहा, ताप, वजन घटणं, आवाज बदलणं, गिळताना अडखळणं असं काही असेल तर ते सांगा, आणि तंबाखू-दारूबद्दल लपवू नका. जुने रिपोर्ट आणा, पण आधी गाठ दाखवा.

दुसरं, तक्रार काहीच नसताना पॅकेजमध्ये "गळ्याची सोनोग्राफी फ्री" असेल तर ती फ्री नको म्हणून सांगा.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय नेक" लिहू नका. गाठ कुठे आहे, किती मोठी, किती दिवसांची, हाताला कशी लागते आणि तुम्हाला काय शंका आहे, हे लिहा. एवढं लिहायला बसलात की आधी गाठ तपासावी लागेल. आणि तपासल्यावर निम्म्या वेळा ती चिठ्ठी लिहायची गरजच उरणार नाही.